आत्याला कळवलं का?

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसणारी आत्या ही त्या शहरातली पहिली बाई. सून परक्या पुरुषांशी बोलायला जाते म्हणून सासू धुसफुसायची. आत्याने कधी भीक घातली नाही. कुणाकडे बाळ झालं, कुणाचं लग्न मोडलं, कोण गेलं, सगळं आधी तिच्या कानावरून जायचं. फोनवर पहिल्यांदा बोलणारी माणसं घसा फोडून ओरडायची. "आजोबा, मी बहिरी नाहीये," असं म्हणून ती झापायची आणि मधल्या सुट्टीत त्यांच्या नकला करून मैत्रिणींना हसवायची.

पुढे नंबर आपोआप लागायला लागले. आत्याला तक्रारींच्या टेबलावर बसवलं आणि तिथूनच घरी पाठवलं. तेव्हापासून नव्या यंत्रांशी तिने उभा दावा मांडला. मोठ्या भावाचा मुलगा, म्हणजे तिचा भाचा, मोबाइल घेऊन आला, तर तिने खोका न उघडताच परत केला.

"मला काय कळायचं ते घरच्या फोनवर कळतं."

"आत्या, पुढे तुमचेच हाल होतील," भाचेसून म्हणाली.

"होऊ देत. तुझ्या दारात नाही येणार."

धाकटा भाऊ बायकोबरोबर दुसऱ्या शहरात राहायचा. तो तेवढा न चुकता घरच्या फोनवर बोलायचा आणि तिला शहाणपण शिकवायचा नाही. एकदा रस्ता खोदताना फोनची तार तुटली. आत्या तक्रार करायला तिच्याच जुन्या ऑफिसात गेली. टेबलावरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "आजी, आता कोण दुरुस्त करतंय? मोबाइल घ्या."

ती तशीच परतली. धाकटा येईल की कधीतरी, तेव्हा सगळं साचलेलं बोलू, असं तिने ठरवलं. त्याचा वाढदिवस जवळ आला तशी ती चपलांच्या दुकानात गेली. दुकानदार धाकट्याच्या वर्गातला.

"रुंद पंजाची दाखव. धाकट्याला साधी चावते."

दुकानदार शिडीवर होता. खोका हातात धरून तो तसाच थांबला. "ताई, कुणासाठी म्हणालात?"

"अरे, धाकट्यासाठी! विसरलास होय त्याला?"

तो सावकाश खाली उतरला. "ताई, तो गेला. महिना होऊन गेला. झोपेतच गेला म्हणे. मोबाइलवर आलं होतं सगळ्यांना. मला वाटलं, तुम्ही..."

"कुणी पोचवलं त्याला?"

"सगळे होते की. तुमचा भाचा पण होता."

आत्या तिथून थेट भाच्याकडे गेली. तो जेवत होता. त्याच्या हातातला घास हातातच राहिला. "अगं, मला वाटलं काकू कळवेल."

"फोन दाखव."

भाचेसुनेने घरच्यांचा ग्रुप उघडून दिला. बातमी, फोटो, मग हात जोडल्याच्या चित्रांची रांग. आत्या चष्मा वर सरकवत एकेक वाचत गेली. कुणीतरी विचारलं होतं, आत्याला कळवलं का? खाली, तिचा फोन लागत नाही. त्याखाली, राहू दे, म्हातारं माणूस, प्रवास झेपायचा नाही, आल्यावर रडारड सांभाळायची कुणी? त्यावर बरेच अंगठे. आणि शेवटी एकाचं, तिला कबुतर पाठवा. त्याखाली हसरे चेहरे.

"यातला तुझा कुठला?"

भाचा ताटाकडे बघत राहिला. "चुकून दाबला गेला गं."

"माझा भाऊ तेव्हा घरात होता की नेला होता?"

भाचेसुनेने तिच्या हातातून फोन काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी आत्याने स्वतः जाऊन मोबाइल घेतला. दुकानातल्या मुलीने दाखवलं तसं भराभर शिकली. भाच्याला नाही म्हणता येईना, त्याने तिला ग्रुपमध्ये घेतलं. तिने एकेक अक्षर शोधून लिहिलं, "मी आत्या. धाकट्याचे शेवटचे फोटो कुणाकडे असले तर पाठवा."

सगळ्यांनी वाचलं. त्याच संध्याकाळी भाचेसुनेने दुसरा ग्रुप काढला आणि आत्या सोडून सगळे तिकडे गेले.

काही दिवसांनी आत्या मोबाइलच्या दुकानात आली. "पोरी, हा बिघडलाय बघ. काहीच येत नाही."

मुलीने फोन चाळून पाहिला, स्वतःच्या फोनवरून एक मेसेजही पाठवला. तो लगेच वाजला.

"चांगला आहे की, आजी," ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.