आधी काय झालं?

रिपोर्ट वेळेवर येत नाहीत म्हणून वरून मला नेहमी फोन येतात. आता काय सांगू त्यांना? रिपोर्टात लिहिण्यासारखं थोडंच घडतं, त्यात न मावणारं फार! ते मग प्रवासात एकमेकांना सांगत बसायचं. आमची जीप चालवणारे रफीकभाई म्हणतात, "मॅडम, टाकीत डिझेल कमी अन् किस्से जादा झालेत."

आमचं काम बीड जिल्ह्यातलं. स्वमग्नता किंवा बौद्धिक अपंगत्व असलेली काही माणसं कधीकधी भडकतात, डोकं आपटून घेतात, हाताला येईल ते फेकतात. घरचे घाबरतात आणि कोंडणं, बांधणं, मारणं सुरू होतं. ती वेळच येऊ नये म्हणून काय करायचं, हे आम्ही घरोघरी शिकवतो. मी या कार्यक्रमाची प्रमुख. हाताखाली अफाट फौज आहे: सुरेखा आणि रफीकभाई! सुरेखा वडवणीची. तिच्या जिभेला हाड नाही, पण माया भरपूर.

*

कार्यक्रमाचं कागदावरचं नाव 'संकट-प्रतिबंध कार्यक्रम'. वडवणीजवळच्या एका गावात आम्ही पत्र पाठवलं. ते ज्यानं लाउडस्पीकरवर वाचलं त्याला 'प्रतिबंध' काही झेपला नसावा. त्यानं पुकारलं, "उद्या दुपारी शाळेत संकष्टीचा कार्यक्रम हाय!"

आम्ही पोचलो तर शाळेत ही गर्दी! बायकांच्या हातात दूर्वा, जास्वंदीची फुलं, दोघींकडे मोदकाचे डबे. मी लॅपटॉप उघडून उभी, आणि समोर सगळ्याजणी हात जोडून बसलेल्या.

मी म्हटलं, "अहो, पण आज चतुर्थी नाहीये."

पुढची एक आजी म्हणाली, "ते ठावं हाय की आमाला! पन तुमी एवढ्या लांबून आलाव, म्हनून धरला उपास."

मग काय, आधी आरती झाली, नंतर ट्रेनिंग. मोदक मात्र फर्स्ट क्लास होते. त्याच आजीनं जाताना मला बाजूला घेतलं आणि घरात तिची पंचविशीतली नात आहे, मंगल, ती बोलत नाही, कुणी जास्त बोललं की स्वतःचं मनगट चावते, असं सांगितलं. गावच्या यादीत मंगलचं नावच नव्हतं. त्या दिवसापासून मी पत्रातलं नाव बदललेलं नाही.

*

आमचं मुख्य हत्यार म्हणजे एक साधा फॉर्म. त्यात तीन रकाने: आधी, तेव्हा, नंतर. भडका उडाला की घरच्यांनी तो भरायचा. पहिला रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच कोरा सोडतात. त्यामुळे मी जाईन तिथं एकच प्रश्न विचारते, "आधी काय झालं?" माझं नावच 'आधीवाल्या मॅडम' पडलंय.

कडा गावातल्या एका वडिलांनी भरलेला फॉर्म मी जपून ठेवलाय. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा रोज ठराविक वेळेला किंचाळायचा. त्यांनी लिहिलं होतं, आधी: "काही न्हाई." तेव्हा: "लई आरडला." नंतर: "मी बी आरडलो."

"कावून आरडतो तेच कळंना, मॅडम," ते म्हणाले.

सुरेखा दिवसभर त्यांच्या ओट्यावर बसून राहिली. दुपारी कारखान्याचा भोंगा वाजला आणि पोरगा किंचाळला. वडिलांचा जन्म त्या भोंग्यात गेलेला, त्यांना तो ऐकूच येत नव्हता! मग भोंग्याच्या पाच मिनिटं आधी मुलाला सांगायचं, कानांवर हेडफोन द्यायचा, एवढंच ठरलं. महिन्याभरात किंचाळणं थांबलं.

पुढच्या भेटीत वडील रडकुंडीला आलेले. "पोरगं शांत हाय, मॅडम. पन आता मला त्यो भोंगा ऐकू यायलाय! रोज वाट बघतो अन् मलाच आरडावं वाटतंय!"

सुरेखानं त्यांनाही हेडफोन दिला.

*

रफीकभाई आधी मोटार मेकॅनिक होते. एकदा ट्रेनिंगच्या ऐन मध्यात लाईट गेली, प्रोजेक्टर बंद. मी गडबडले. हे गृहस्थ दारातून उठून पुढे आले.

"गाडी एकदम उकळत न्हाई," ते म्हणाले. "आधी काटा चढतो. तुमी काट्याकडं बघत न्हाई, अन् वाफ निघाली की बोंबलता. माणसाचं बी तसंच हाय. काटा चढला की दोन पावलं मागं सरा, आवाज खाली घ्या, एकच गोष्ट बोला."

माझ्या चाळीस स्लाइडचं काम तिथंच संपलं! मागून एकानं विचारलं, "भाई, पन आमच्या पोराचा काटा कुठं असतो?"

"ते मॅडमला इचारा," रफीकभाई म्हणाले. "मी फक्त डिझेलच्या गाड्या बघतो."

*

मंगलसाठी आम्ही 'थांबा' असं लिहिलेलं लाल कार्ड केलं. सहन होईनासं झालं की ते वर करायचं आणि समोरच्यानं थांबायचं. मनगट चावणं कमी झालं.

पुढे एका कार्यक्रमाला तालुक्याचे एक पुढारी आले. भाषण सुरू झालं ते संपेचना! पहिल्या रांगेत बसलेल्या मंगलनं शांतपणे कार्ड वर केलं.

साहेब अडखळले. "ही काय म्हणतीय?"

मागून आजीचा आवाज आला, "लई झालं म्हनतीय, साहेब!"

साहेबांनी माइक खाली ठेवला. पुढच्या दोन वक्त्यांनी तो उचललाच नाही.

*

आता अस्लमचं सांगते.

अस्लम तेवीस वर्षांचा, स्वमग्न. बीडमध्ये वडिलांचा फळांचा गाडा. गाड्यावरच्या पाट्या अस्लमच लिहितो: मोसंबी, चिकू, डाळिंब, एकही चूक नाही. बोलतो मात्र क्वचित. प्रश्न विचारला की उत्तर न देता प्रश्नच परत म्हणतो. आवाज, भांडण वाढलं की तळहात शर्टाला घासायला लागतो आणि मग डोकं भिंतीवर. हात घासणं हा त्याचा काटा, हे कळायला आम्हाला चार महिने लागले. त्याला आमच्या फॉर्मचा भारी नाद. एक अख्खं पॅड तो काखेत घेऊन फिरतो.

त्यांच्या घरात शब्द चालतो तो मामूंचा. मामू मोठे तापट, आणि त्यांचा निर्णय पक्का झाला होता. दूर कुठल्याशा शहरात त्यांनी एक संस्था बघून ठेवलेली. अस्लमच्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा ते मला म्हणाले, "मॅडम, शादी के दिन उसको कमरे में बंद रखते. अन् तमाशा हुआ, तो दुसऱ्या दिवशी गाडी मी घेऊन येतो. लई झालं."

अस्लमची आई माझ्याकडे बघत राहिली. मी ठणकावून सांगितलं, "अस्लम मांडवात बसेल, आणि काही होणार नाही!" बाहेर आल्यावर सुरेखा म्हणाली, "मॅडम, जबान तुमी दिली, घाम मला फुटलाय."

तयारी आम्ही जय्यत केली. मागच्या दाराजवळ त्याची खुर्ची, कानांवर हेडफोन, हातात पॅड आणि पेन, बाहेर सावलीत जीप. निकाह पार पडला. अस्लमनं बहिणीला खजूर भरवला. मी निःश्वास टाकला.

आणि जेवणाच्या वेळी भडका उडाला! पण मामूंचा. पंगतीला उशीर झाला म्हणून ते मांडववाल्यावर तुटून पडले. शिव्या, आरडाओरडा, एक खुर्ची लाथेनं उडवली. नवरी रडायला लागली.

मी अस्लमकडे बघितलं. त्याचा तळहात शर्टावर घासला जात होता.

मी उठले. सुरेखानं माझा दंड धरला. "थांबा," ती म्हणाली.

अस्लम उभा राहिला. हेडफोन गळ्यात घेतला आणि सरळ मामूंच्या दिशेनं चालत गेला. बरोबर दोन पावलं अंतर ठेवून थांबला. पॅड उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला,

"पैले क्या हुआ?"

मामूंचा वर गेलेला हात तसाच राहिला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, पॅडकडे बघितलं. मग आडवी पडलेली खुर्ची सरळ केली आणि तिच्यावर बसले.

"सुबे से चाय नै मिली, बेटा."

अस्लमनं पहिल्या रकान्यात लिहिलं: चाय.