पाकिटामागची बारीक अक्षरं

शेळीच्या कानामागच्या गोचिडी काढताना एक माझ्या पोटरीला चिकटली. ती जागा कितीतरी दिवस खाजत राहिली. मी लक्ष दिलं नाही. पुढं नणंदेकडं दुपारी मटण जेवले आणि दिवेलागणीला अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घेता येईना. त्यातून वाचले. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, "गोचीड चावल्यानं असं होतं. शेळी, मेंढी, गुरं, डुक्कर, कशाचंच मटण आता चालणार नाही. कोंबडी, मासे खा. पाकिटातलं मात्र वाचल्याशिवाय तोंडात घालू नका. चुकून गेलंच, तर घरी थांबू नका."

मटण सुटलं. पाकिटांची भीती सुटेना. दुकानात उन्हाकडं पाकीट धरून मी एकेक अक्षर लावायची.

एकदा शेजारच्या खाला वाटीत रंगीत, मऊ गोळ्या घेऊन आल्या. त्यांचा लेक दुबईहून आला होता. म्हणाल्या, "फळाच्या हायेत गं, खा." वाटीला कुठं अक्षरं असतात? मी दोन खाल्ल्या. दुसरी दाताखाली रबरासारखी ताणली तेव्हा मला पाकीट आठवलं.

"खाला, ह्याचं पाकीट कुठंय?"

त्यांनी घरून आणलं. मागं अगदी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, जिलेटिन. खाली, गुरांचं. म्हणजे गुरांच्या हाडाकातड्यांपासून काढलेला चीक.

"या अल्ला! लेक फळाचं म्हनला, म्या तसंच समजले गं," म्हणत त्यांनीच रिक्षा बोलावली. मालक शेळ्या घेऊन बार्शीच्या बाजाराला गेले होते.

सरकारी दवाखान्यात नर्सबाईंनी विचारलं, "काय होतंय?"

"अजून काही नाही."

"मग कशाला आलात?"

मी सोलापूरच्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी पुढं केली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि मला समोरच्या बाकावर बसवलं, नजरेसमोर.

ते बसणं मला विसरता येत नाही. हे दुखणं लगेच येत नाही, तासन्‌तास दबा धरून बसतं. मी सारखी थुंकी गिळून बघत होते, घसा मोकळा आहे का. डास चावला तरी काळीज लटकन हलायचं. खालांनी माझा हात सोडला नाही. "काय न्हाय होत," म्हणायच्या, पण त्यांचाच तळवा घामानं भिजला होता.

ऊन कलल्यावर माझे तळहात खाजायला लागले. मग पोटात पीळ पडला, आवाज घोगरा झाला. "बाई, आलं!" एवढंच म्हणता आलं. नर्सबाई धावल्या. मांडीत इंजेक्शन बसलं, छाती धडधडायला लागली, अंग थरथरलं, आणि हळूहळू श्वास मोकळा झाला. खाला भिंतीला टेकून रडत होत्या.

त्या अजूनही काहीबाही आणतात, पण न फोडलेलं पाकीटच आणतात. मी वाचते, त्या माझ्या तोंडाकडं बघत उभ्या राहतात. सगळं ठीक असलं तरी दिवेलागणीला त्या पुन्हा येतात, माझे तळहात उलटेपालटे करून बघतात.