नळ बंद कर आधी!

माझ्या मामीइतकं मनापासून रागावणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरं झालं नसेल, आणि झालं असतं तर मामीला त्याचाही राग आला असता. इतर लोक काहीतरी बिघडलं म्हणून रागावतात. मामी सकाळी उठायची तीच रागावलेली, आणि कारण दिवसभरात कुठंतरी सापडेल अशा विश्वासानं कामाला लागायची. ते सापडायचंच. चहा उतू गेला तर चहावर राग, नाही उकळला तर चुलीवर. लग्नाची पत्रिका आली तर "उन्हाळ्यात लगीन करतेत, अक्कल हाय का?" आणि नाही आली तर "आमाला इसरले व्हय!" एकदा रेडिओवर बातम्या देणारा माणूस म्हणाला, की राज्यात सर्वत्र समाधानकारक पाऊस झाला आहे. मामी हातातलं लाटणं तसंच घेऊन रेडिओसमोर उभी राहिली. "कुठं रं? कुठं पडला? दाव मला!" रेडिओनं उत्तर दिलं नाही म्हणून तिनं त्याला पोत्याखाली झाकून टाकलं. त्यानंतर कितीतरी दिवस आमचे मामा आडतीवरून आले की पोत्याचा कोपरा उचलून, आत डोकं घालून, हळू आवाजात बाजारभाव ऐकायचे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. दुकानांच्या पाट्या नव्यानं रंगवल्या जात होत्या आणि माणसं आपण आता जिल्ह्याच्या गावात राहतो म्हणून जरा ताठ चालत होती. नेमका त्याच सुमाराला पाऊस रुसला, एक साल गेलं, दुसरंही तसंच निघालं. मामीनं या दोन गोष्टी एकमेकींना जोडून टाकल्या. जिल्हा म्हणजे तिच्या लेखी दारात आलेला एक नवा पाहुणा होता, आणि त्याचं वागणं तिला मुळीच पसंत नव्हतं. "आला म्हनं जिल्हा. येताना दोन घागरी पानी घेऊन यावं, एवढंबी कळू नये?" समोरच्या घरातल्या मुलाला नव्या कचेरीत नोकरी लागली, त्याची आई पेढे घेऊन आली. मामीनं पेढा घेतला, खाल्ला, आणि विचारलं, "आता ह्याच्यावर तहान लागंल. पानी कोन देनार, तुझा जिल्हा?" ती बाई पुन्हा काही दिवस आमच्या दारावरून गेली नाही.

अशा घरात मी अहमदपूरहून अकरावी-बारावी शिकायला आले होते. वडील शाळेत मास्तर. मला डॉक्टर व्हायचं होतं, अंबाजोगाईला मेडिकलला जायचं होतं, आणि ते होणार की नाही हे ठरणार होतं मामीच्या जिभेवर. कारण वडील मामांच्या शब्दाबाहेर नव्हते आणि मामा मामीच्या. मी विषय काढला की मामी सुपात तूर पाखडत एवढंच म्हणायची, "बघू." बाकी जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तिच्याकडे चार खणखणीत वाक्यं तयार असायची, आणि माझ्या आयुष्यावर मात्र एक शब्द. तो "बघू" आठवला की आजही माझं डोकं तडकतं.

मामीला एकच शौक होता, खुनाच्या कादंबऱ्या. सातवीपर्यंत शिकलेली, पण एका हातानं तूर निवडत दुसऱ्या हातानं पानं उलटायची. वाचनालयात परत गेलेल्या पुस्तकांतून नंतरच्या वाचकांच्या मांडीवर तुरीचा भुसा पडायचा. तेव्हा मी एक डाव टाकला. वाचनालयात एक नवी कादंबरी आली होती. तिची नायिका प्रेतांची चिरफाड करणारी डॉक्टर होती, आणि जखमेचा आकार, नखांतली माती, पोटातलं अन्न असलं काय काय बघून ती खुनी पकडायची. म्हटलं, मामी हे वाचेल, तिला बाई आवडेल, आणि "बघू"चं "हाव" होईल.

बाई मला स्वतःला भलतीच आवडली होती. ती हसायची नाही. फौजदाराला म्हणायची, "बूट बाहेर काढा, पुरावा तुडवताय." पुढाऱ्याच्या माणसानं मिठाईचा डबा आणला तर तो न उघडता परत करायची. एकटी राहायची आणि कुणालाही स्पष्टीकरण द्यायची नाही. मामीनं पहिलंच प्रकरण वाचलं आणि तूर बाजूला सारली. "ही कोन भवानी गं? मानूस दारात आलाय, ये म्हनत न्हाई, बस म्हनत न्हाई. पानी तरी इचारावं!"

"मामी, तो तिच्या घरी नाही आला. शवागारात आलाय."

"मग काय झालं? तिथं येनाऱ्याला तहान लागत न्हाई का?"

पुढं पानापानाला तिचा पारा चढत गेला. ही डॉक्टरीण उलट बोलते, लोकांचं ऐकून घेत नाही, तोंडावर अपमान करते, आणि आपलंच खरं करते. हे सगळं मामी मला सांगत होती त्याच दिवशी सकाळी तिनं विम्याच्या माणसाला "आमी मरावं म्हनून फिरायलास का रं दारोदार?" असं म्हणून उंबऱ्यावरून पिटाळलं होतं. मामा वर्तमानपत्राच्या आडून हळूच म्हणाले, "मला तर ही बाई वळखीची वाटायली." त्या दिवशी रात्रीचं ताट मामांपुढं जरा जोरात आदळलं.

मामीला एकटीनं रागावणं पुरेना तेव्हा ती ते पुस्तक टँकरच्या रांगेत घेऊन गेली. टँकर त्याच्या मर्जीनं यायचा. गल्लीतल्या बाया घागरी-हंडे मांडून सावलीला बसायच्या, आणि मामी उपड्या घागरीवर बसून मोठ्यानं वाचायची. तिचं वाचन ऐकण्यासारखं होतं. फौजदार, खुनी, मेलेल्याची विधवा, सगळे एकाच आवाजात, म्हणजे मामीच्या आवाजात, एकमेकांवर खेकसायचे. विधवा टाहो फोडायची तोही भांडल्यासारखा. गल्लीला कादंबरी आवडली, नायिका कुणालाच नाही. शिंप्याची बायको म्हणाली, "सासू न्हाई ना, म्हनून अशी माजलीय." कुणाला वाटलं नवऱ्यानं टाकलेली असणार. मास्तरीणबाई म्हणाल्या, भाषा चांगली आहे, पण बाईनं एकदा तरी हसायला हवं होतं. मला त्या सगळ्यांचा संताप यायचा. मेलेल्या माणसाला न्याय देतेय ती, आणि ह्यांना तिचे दात बघायचेत!

प्रेताचं सगळं वर्णन मात्र रांगेनं निमूट ऐकलं. आतडी, कवटी, कुणी पदरसुद्धा तोंडाला लावला नाही. खरा दंगा झाला तो नळावरून. ही डॉक्टरीण प्रत्येक शवविच्छेदनानंतर नळ सोडून कोपरापर्यंत हात धुवायची, आणि पाणी वाहत असतानाच विचारात बुडून उभी राहायची. लेखकाला त्यात काहीतरी फार खोल वाटलं असावं. मामीनं वाचलं, "पाणी वाहत राहिलं. ती कितीतरी वेळ तशीच उभी होती." आणि थांबली. सगळ्या बायांनी आपापल्या रिकाम्या हंड्यांकडे बघितलं.

"व्हात ऱ्हायलं?" शिंप्याची बायको म्हणाली.

"कितीतरी येळ," मामी म्हणाली.

मग जो कल्लोळ उठला, तो खून झाल्यावर उठला नव्हता. हिला कुणी बघत नाही का, हिच्या दवाखान्याला साहेब नाही का, एक हंडा तरी भरला असता का दोन. त्या सगळ्यांच्या वर मामीचा आवाज गेला. तिनं पुस्तक तोंडासमोर धरलं आणि पानातल्या त्या बाईला सरळ दम भरला, "खुनी मागनं धर गं! नळ बंद कर आधी!"

पुढं ती रांगेतली म्हणच होऊन बसली. कुणी जास्त बोलायला लागलं की दुसरी म्हणायची, नळ बंद कर. आणि मामी? ती त्यानंतर वाचताना नळाची जागा आली की एक वाक्य स्वतःच्या पदरचं घालायला लागली: "मग तिनं नळ बंद केला." ते पुस्तकात कुठंच नव्हतं. ते ऐकल्याशिवाय बाया पुढं वाचू द्यायच्या नाहीत.

माझा डाव पार फसला होता. "असल्या बाईला डाक्टर केलं कुनी?" असं मामी उठता-बसता म्हणायला लागली, आणि फॉर्म भरायचे दिवस जवळ येत होते. एकदा मी रडकुंडीला येऊन पुस्तक तिच्या हातातून ओढलं. "नाही ना आवडत ती, मग वाचू नकोस."

तिनं ते परत ओढून घेतलं. "वाचनार. मी तिला सोडनार न्हाई."

शेवटाकडे एक गोष्ट मात्र घडली. कादंबरीतल्या खुन्यानं प्रेत जाळलं नव्हतं, रानात पुरलं होतं, आणि ते उकरून काढल्यावर डॉक्टरणीनं हाडावरच्या एका खुणेवरून त्याला पकडलं. मामीचा चेहरा उजळला. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. "बघ! आमच्यावानी पुरलं म्हनून घावला. जाळलं असतं तर काय राख चाळत बसली असती का ती?" त्या दिवशी ती पहिल्यांदा डॉक्टरणीविषयी वाकडं बोलली नाही.

आणि मग उदगीरचे थोरले मामा आले. हे मामांचे चुलतभाऊ, मोठे व्यापारी, आवाज त्याहून मोठा. भर दुपारी घामाघूम होऊन टेकले. मी तांब्या दिला, तो त्यांनी एका दमात रिकामा केला आणि पुढं केला. मी पुन्हा भरून दिला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांना कोनाड्यातलं पुस्तक दिसलं आणि माझ्या शिक्षणाचं आठवलं. पुस्तक चाळत म्हणाले, "असलं वाचून पोरगी मढी चिरायला निघाली व्हय? नर्स हो, मास्तरीन हो. मढ्याला हात लावलेल्या पोरीच्या हातचं पानी पिनार कोन उद्या?"

मी भिंतीला टेकून उभी होते. आमच्या मामांनी खाली सतरंजीकडे बघितलं. त्यांच्या त्या खाली बघण्याचा मला इतका राग आला, की अजून तो पुरता गेलेला नाही. एका वाक्यात माझं सगळं संपत होतं. आतून फक्त सुपाचा आवाज येत होता. मग तो थांबला.

मामी पदर खोचत बाहेर आली. "भावजी, आमच्यात सूतक कवापासनं आलं?"

आमच्यात गळ्यात इष्टलिंग असलं की मरणाचा विटाळ लागत नाही, हे लहानपणापासून कानावर पडतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बघून पाळणारे पाळतात, ती गोष्ट वेगळी. थोरल्या मामांचा हात नकळत गळ्याकडे गेला.

"का ते उदगीरला खुंटीला टांगून आलाव?" मामी म्हणाली. "आन पानी कोन पिनार म्हनता? मी पिनार. ही मढी चिरून घरी आली ना, की हिच्या हातचं पहिलं पानी मी पिनार. आन आत्ता तुमी दोन तांबे प्यालाव ते हिच्याच हातचं, आमच्या प्यायचं पानी व्हतं. टँकर उद्या येतो का न्हाई ठावं न्हाई!"

"अगं, पन ती पुस्तकातली बाई," थोरले मामा पुटपुटले, "कशी तुसडी..."

"हाय तुसडी! तिला बोलायचं तर मी बोलंन, तुमी न्हाई. तुसडी हाय म्हनून तर कुनाला न भेता खुनी धरला. हसत बसली असती तर तुमच्यासारख्यानं च्या पाजून घरी धाडली असती." मग ती मामांकडे वळली. "आन तुमी काय मुक्यावानी बसलाव? भरा तिचा फारम."

"हाव," मामा म्हणाले. इतक्या चटकन, की ते त्याचीच वाट बघत असावेत.

मला हसू फुटलं आणि रडूही. मामीनं माझ्याकडे बोट रोखलं. "तू दात काढू नगंस. तिकडं नळ सोडून इचार करत उभी ऱ्हायलीस असं कानावर आलं, तर तंगडं मोडीन."

मी डॉक्टर झाले आणि नांदेडच्या मेडिकलला शवविच्छेदनाच्या याच कामात आयुष्य घालवलं. मुदखेडहून, हदगावहून, कुठून कुठून मेलेली माणसं माझ्या टेबलावर येत राहिली. मी हसतमुख म्हणून कधीच प्रसिद्ध नव्हते. माझे विद्यार्थी पाठीमागं मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. पण नळ वाहता ठेवून कुणी उभा दिसला, की माझ्या तोंडून जो आवाज निघतो तो माझा नसतो. धडधाकट पोरं दचकतात आणि नळ बंद करतात.

मामी शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मी काम आटोपून तशीच लातूरची बस धरली. घरात माणसं जमली होती. कुणीही पाण्याचा चमचा पुढं केला की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची आणि त्या माणसाकडे रागानं बघायची. "सकाळधरनं थेंब घेतला न्हाई," मामा म्हणाले. मी तिच्या उशाशी बसले. तिनं डोळे उघडले.

"मढ्याकडनं आलीस का?"

"हो मामी."

"हात धुतलीस?"

"धुतले."

"नळ?"

"बंद केला."

तेव्हा तिनं तोंड उघडलं. मी भांडं लावलं आणि ती प्यायली, थोडं थोडं, पण सगळं. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "गार न्हाई पानी." तो तिचा माझ्यावरचा शेवटचा राग. त्यानंतर बरीच माणसं माझ्यावर चिडली, पण तसं हक्कानं रागावायला आता कुणी नाही. काम संपवून हात धुतले की मी नळ घट्ट बंद करते, आणि उगाच क्षणभर थांबते, मागून कुणी ओरडतंय का बघत.