तांदळाच्या पिठातला माग

"जमीन पाहिली का?"

दत्तात्रय बोरकुट्यांचा हा नेहमीचा सवाल. कुणी वाघ पाहिला म्हणून धावत येवो की भूत पाहिलं म्हणून, ते आधी एवढंच विचारत. चंद्रपूरकडच्या रानात चौतीस वर्षं वनरक्षक म्हणून पायी फिरलेला माणूस. माणसाच्या तोंडापेक्षा मातीवर त्यांचा भरवसा जास्त.

तीन महिन्यांसाठी लेकीकडे आयर्लंडला आले आणि कोरोनानं विमानं बंद झाली. पोर्टलीशजवळच्या नव्या वसाहतीत वर्ष निघालं. पूर्णिमा कारखान्यात शिफ्टला, जावई जयेश वरच्या खोलीत दिवसभर लॅपटॉपपुढे. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला सरकारची मनाई. त्या पाचांतल्या दोन किलोमीटरवर दत्तात्रयांना एक जंगल सापडलं. पहिल्या दिवशी परत येऊन म्हणाले, "झाडं शाळेतल्या पोरांसारखी रांगेत उभी हायेत. याले हे लोक जंगल म्हणतेत." पण रोज सकाळी जात राहिले, मफलर गुंडाळून, हात मागे बांधून, जसे तिकडे गस्तीला जात तसे.

मार्चमध्ये वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लांडगामाणूस अवतरला. एका बाईनं गाडीतून पाहिला. जंगलाच्या फाटकापाशी दोन पायांवर उभा, केस कमी, उघडी कातडी जास्त. मग आणखी दोघांना दिसला. मग फिंटन डिलेनी नावाच्या शेजारच्या शेतकऱ्याची एक मेंढी फाडलेली सापडली आणि हसणारेही हसायचे थांबले.

पूर्णिमानं जेवताना ते वाचून दाखवलं.

"या देशात लांडगे हायेत का?" दत्तात्रयांनी विचारलं.

"नाहीत बाबा. शेवटचा दोन-अडीचशे वर्षांपूर्वी मारला म्हणतात."

"म्हणजे होते ते मारून टाकले, अन् आता नसलेल्याले भितेत." ते ताटावरून उठले. "जमीन पाहिली का कोणी?"

त्यानंतर घरातलं तांदळाचं पीठ संपू लागलं. रात्रीच्या पोळ्या सकाळी उरेनात. पूर्णिमाला वाटलं, बाबांची भूक वाढली, हवा मानवली.

आठवड्यानं ग्रुपवर फोटो आला. जंगलातल्या पायवाटेवर आडवा पांढरा पट्टा, हातभर रुंद, चाळणीनं चाळल्यासारखा एकसारखा. खाली लिहिलं होतं, कुणीतरी त्या जनावराला मंत्र घालून बोलावतंय. त्याखाली आणखी कुणी, मफलरवाला एक परका म्हातारा तिथे रोज दिसतो.

त्याच संध्याकाळी फिंटन दारात आला. तोंडाला मास्क, दोन मीटर लांब, पावसात उभा. बोलला सभ्यपणे. "शनिवारी सकाळी आम्ही बंदुका घेऊन आत जातोय. तुझ्या वडिलांना तेवढं घरात ठेव. आणि ते पांढरं काय आहे ते बंद कर. बायका घाबरल्यात."

"सॉरी," पूर्णिमा म्हणाली. "ते पुन्हा जाणार नाहीत."

दार लावून वळली तर जिन्यात बाबा उभे.

"सॉरी कशाची म्हणालीस?"

"बाबा, आपण इथे बाहेरचे. उद्या मला याच लोकांत राहायचंय. तुम्ही पीठ टाकत फिरता, ते मंत्रतंत्र म्हणतात, मी काय सांगू त्यांना?"

"काय हाय ते पाहिलंस का तू?"

"मी कशाला पाहू?"

"न पाहता माफी मागितली?"

ती खालच्या पायरीवर टेकली. तेही जिन्याच्या पायरीवर बसले. मग त्यांनी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. चंद्रपूरजवळच्या मूल गावाकडे एका बिबट्याला नरभक्षक ठरवून गोळी घातली होती. मारल्या गेलेल्या बाईच्या प्रेताजवळचे ठसे त्या बिबट्याचे नव्हते, हे दत्तात्रयांनी पाहिलं होतं. पण साहेब कागद पुढे करून उभे होते, गाव खवळलेलं होतं, दत्तात्रयांनी सही केली. पुढच्याच आठवड्यात आणखी एक बाई गेली.

"तवापासून मी विचारतो. मले आता कोणता साहेब राहिला, की गप बसू?"

त्यांनी पलंगाखालून एक काच आणली. पूर्णिमानं ओळखली. तिच्या लग्नाच्या फोटोवरची. तिकडे वाघाच्या ठशावर काच ठेवून पेनानं त्याची रेघ उतरवून घेत. इथेही त्यांनी तेच केलं होतं. ओल्या पालापाचोळ्यात ठसा उठेना, म्हणून पीठ.

"हे पाहा. नखं उमटली, म्हणजे कुत्रं. तीनच पाय हायेत. पुढचा उजवा ते टेकवतच नाही. कुत्री हाय, डोळ्यानं पाहिली मी, खरूज झालेली, केस गळलेले. अन् मेंढीपाशी जाऊन आलो मी. झटापटीची एक खूण नाही. आपल्या मरणानं मेली, मग कोल्ह्या-कावळ्यांनी खाल्ली."

"आणि दोन पायांवर उभी राहते ते?"

दत्तात्रयांनी काच खाली ठेवली. "फाटकाच्या वरच्या दांडीवर तिच्या नखांचे ओरखडे हायेत. खाली रस्त्याकडंले कुत्र्याचं जेवायचं भांडं अन् लहान लेकराच्या पांघरुणाचा तुकडा. कोणीतरी गाडीतून आणून सोडली तिले. गाडी गेली त्या बाजूले पाहाले उभी राहते ते. रोज." त्यांनी काच पुन्हा उचलली. "अन् हे तिले राक्षस म्हणतेत. टाकून जाणारा मात्र घरी चहा पीत असंल."

शनिवारी उजाडताच पूर्णिमानं स्वतः गाडी काढली. फाटकापाशी फिंटन आणि आणखी दोघं, हातात बंदुका. दत्तात्रय उतरले आणि सरळ बोलू लागले, आपल्या बोलीत, काच छातीशी धरून. पूर्णिमानं इंग्रजीत सुरुवात केली, "माझ्या वडिलांना असं वाटतं की कदाचित..."

"तू माझं बोलणं मऊ करू नको," ते म्हणाले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण लेकीचा सूर येत होता.

मग तिनं होतं तसं सांगितलं. तीन पाय, दांडीवरचे ओरखडे, भांडं, मेंढी. जमीन न पाहता बंदूक उचलणाऱ्याला आमच्याकडे शिकारीही म्हणत नाहीत, हेही सांगितलं. सांगता सांगता राग तिचाच झाला. शेवटी म्हणाली, "आणि त्या दिवशी मी सॉरी म्हणाले, ते मी परत घेते."

फिंटननं वाकून दांडी पाहिली. ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. भांडं उचललं, पुन्हा जागेवर ठेवलं. "माझ्या मेंढ्या व्यायचे दिवस आहेत," तो म्हणाला. "अर्धा तास. त्यानंतर मी थांबणार नाही."

दत्तात्रय खिशातली पोळी काढून आत गेले. अकरा दिवस ते तिला पोळी घालत होते, रोज थोडं जवळ बसून. तरी वेळ जाऊ लागला. फिंटन घड्याळ पाही, पूर्णिमा त्याला पाही. पंचवीस मिनिटं झाली तेव्हा झाडांच्या रांगेतून मफलर दिसला, पण तो बाबांच्या गळ्यात नव्हता, त्याचं एक टोक हातात होतं. दुसऱ्या टोकाला हाडांचा सापळा लंगडत येत होता, राखाडी, जागोजागी लाल. माणसं दिसताच ती थरथरत बसली. दत्तात्रय तिच्याशी बोलले, आणि ती उठली.

फाटकातून बाहेर आल्यावर त्यांनी बंदुकवाल्यांकडे मान वळवली नाही. पूर्णिमानं गाडीचं मागचं दार उघडलं.

"भ्यालेली हाय. अन् आता गाडी दाखवू नको तिले," ते म्हणाले. "आम्ही पायी येतो."

आणि ते चालू लागले, रस्त्याच्या कडेनं, तिच्या लंगडण्याच्या चालीनं. पन्नास पावलांवर कुत्री थांबली, वळून फाटकाच्या दिशेनं बघत राहिली. दत्तात्रय थांबले. ओढलं नाही. तिचं बघून झाल्यावर दोघं पुन्हा निघाली. फिंटननं बंदूक उघडून काडतुसं काढली आणि खिशात टाकली. त्याचे सोबती बुटांकडे बघत होते. पूर्णिमा उघड्या दाराला धरून उभी होती, वळणापलीकडे दोघं दिसेनाशी होईपर्यंत.