थंड फोडं

आमच्या बाळासोच्या बाराव्याला मांडवात माणसं म्हणत हुती, लई गुणाचा गडी. त्याची बायको क्रांती आत भिताडाला टेकून ऐकत हुती आन् तिच्या अंगाची लाही हुईत हुती. हीच माणसं दुधाच्या कट्ट्यावर त्याच्या म्हशीकडं पाठ करून हुबी ऱ्हायाची.

सांजच्याला म्हशी कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाईकाम्होरं धार काढायची, फेसाचा गलास हातात द्यायचा, ह्यो बाळासोचा धंदा. हात असा की आडून बसलेली म्हस बी पान्हा सोडायची. पण लहानपणापासनं अंगावर फोडं. मानंवर, काखंत, लिंबाएवढं. पू भरायचा, पण लाली न्हाय, ठणका न्हाय, ताप न्हाय. घरचं म्हणायचं, ताप न्हाय म्हंजे सोंग हाय. गिऱ्हाईक म्हणायचं, घाण हाय. ह्यो गडी साबणानं हात धुऊन म्होरं करायचा, बघा की पावणं म्हणायचा. पावणं शेजारच्या म्हशीकडं जायाचं.

शेवटाला फुफ्फुसात पू झाला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं तोंड उघडाय सांगितलं. दुधाचं दात अजून तसंच, मागं दुसरी रांग. घरात त्या दुहेरी दातांचं किती कौतुक, नशीबवान म्हणून. बाई म्हणाल्या, ह्यो जन्माचा आजार हाय. रक्तातल्या पांढऱ्या पेशीत जीन असत्यात, जंतू आला की काय करायचं ते सगळं त्यात लिवलेलं. पण कुठला जीन कवा चालू करायचा, त्यो हुकूम देणारं एक प्रथिन असतंय. ह्येंचं तेच बिघडल्यालं. हुकूमच न्हाय, मग जंतूवर धावून जाणार कोण? झुंजच न्हाय तर लाली न्हाय, ताप न्हाय, म्हणून फोड थंड.

म्हंजे घाण न्हवती. सोंग न्हवतं. पण कळूस्तवर बाळासो गेला.

बाईंनी बजावलं हुतं, ह्यो आजार बापाकडनं लेकरात उतरू शकतोय, पोरीचं रक्त तपासा, येळंत कळलं तर रोजच्या गोळ्यांवर सांभाळता येतंय. पोरीच्या, राजनंदिनीच्या, कानामागं फोड आल्याला, दात पडायचं वय झालं तरी दुधाचा एक दात हालत न्हवता.

जेवणं झाल्यावर थोरलं दीर विजयसिंह आत आलं. म्हणालं, "तपासणी नगं. रिपोर्टात आलं तर उद्या पोरगी कोण करून घेईल?"

क्रांती उठली. "भावजी, त्यास्नी तुम्ही सोंगाडी म्हणालासा. आता हिचं लगीन काढतासा. लग्नाला पोरगी जित्ती लागती का न्हाय?"

तिनं पोरीचा हात धरला आन् भरल्या मांडवातनं दवाखान्याच्या वाटंला निघाली. माणसं लांब सरली, कट्ट्यावर सरायची तशीच. बरं झालं, वाट मोकळी गावली.