टेबलाखालचं बोरन्हाण

माझा लेक नर्सरीत गेला आणि थेट टेबलाखाली जाऊन बसला. एप्रिलात बसला तो दिवाळी उलटली तरी तिथेच. बाकीची पोरं माती मळत होती, ठोकळे रचत होती, एकमेकांच्या कानात गाजर घालून बघत होती, आणि हा आपला निळ्या टेबलाखाली मांडी ठोकून, मोठा सेक्शन ऑफिसर असल्यासारखा. तिथे कुणाशी अक्षरही बोलत नव्हता. नागपूरहून आमची दिल्लीला बदली झाली, लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर मिळालं, गॅस लागला, गीझर लागला. फक्त या एका माणसाचं बस्तान बसेना.

त्याला एबीसीडी यावी असं माझं काही म्हणणं नव्हतं. आकडेही नकोत. त्यानं टेबलाखालून बाहेर यावं आणि एका, अहो फक्त एका पोराशी बोलावं, एवढंच हवं होतं. रोज मी ऑफिसात फायलीवर सही करायचे आणि मनात यायचं, आत्ता तो एकटा बसला असेल.

शाळा मीच निवडली होती, त्यामुळे ओरडायला कुणी नव्हतं. बालकेंद्री शाळा. मूल ठरवणार, मोठ्यांनी बघायचं. ॲडमिशन झाली तेव्हा मी सगळ्या ऑफिसला ऐकवलं होतं, की घोकंपट्टी नाही, छडी नाही, रडारड नाही. आता खरोखर नुसतं बघत बसायची वेळ आली तर माझा जीव टांगणीला. मॅडमना विचारलं की त्या गोड हसायच्या. "वो अपने टाइम पे निकलेगा, मम्मा." दिल्लीत शाळेच्या दारात पाय ठेवला की आपण सगळ्यांच्या मम्मा होतो. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या बाईंनी मला मम्मा म्हटलं की माझं डोकंच फिरायचं.

पालकांचाही वर्ग असायचा. बुटक्या खुर्च्यांवर आम्हाला बसवायचे. त्या खुर्चीत माझी एक मांडी मावायची, दुसरी कोर्टात दाद मागत बाहेर. तिथे शिकवलं की मुलाला "नको", "थांब", "गप्प" असं म्हणायचं नाही. जे दिसतंय ते शांतपणे सांगायचं, मूल आपोआप विचार करतं.

मी घरी येऊन लगेच सुरू केलं. "मला दिसतंय की तू भिंतीला वरण लावतोयस."

लेकानं मान डोलावली आणि दुसऱ्या भिंतीकडे वळला.

सासूबाई तेव्हा थंडीपुरत्या आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी पोळी लाटता लाटता लाटणं वर केलं. "अगं, दिसतंय तर थांबव की! दिसतंय तर सांगतेस कशाला?"

"आई, तसं म्हणायचं नसतं."

"मग मलाही दिसतंय," त्या म्हणाल्या, "की तुझं डोकं ठिकाणावर नाही."

जानेवारीत सुट्टी संपून शाळा उघडली आणि मॅडमनी फर्मान काढलं. प्रत्येक मुलानं आपल्या घरची एक गंमत वर्गात आणायची. काय आणायचं ते मुलानंच ठरवायचं, कसं करायचं तेही त्यानंच, मोठी माणसं फक्त मदतीला. एका मुलीनं आजोबांसकट पतंग आणला, एकानं घरचा ढोल आणून सगळ्यांच्या कानठळ्या बसवल्या. माझ्या लेकाला मी विचारलं. तो घरच्या जेवणाच्या टेबलाखाली होता. तिथून आवाज आला, "बोरन्हाण."

झालं! त्यानं अल्बममध्ये स्वतःचा फोटो पाहिला होता, डोक्यावर हलव्याचा मुकुट घातलेला. सासूबाईंना तर आकाश ठेंगणं. पाचाच्या आतला आहे, रथसप्तमीही लांब आहे, करूयाच म्हणाल्या. आता बोरन्हाण म्हणजे मुलाला पाटावर बसवून डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे ओतायचे आणि बाकीच्या पोरांनी ते लुटायचे. वीस पोरांच्या वर्गात! मी म्हणणार होते की दुसरं काहीतरी सांग रे राजा, पण मूल ठरवणार असं मीच सहीनिशी कबूल केलं होतं.

हलव्याचे दागिने दिल्लीतल्याच द्वारकेच्या एका मराठी वहिनींनी दिले. मी ते मेट्रोत मांडीवर डबा धरून, कुणाचा धक्का लागेल म्हणून सगळ्या प्रवाशांवर डोळे वटारत आणले. चुरमुरे मिळाले, उसाच्या गंडेऱ्या मिळाल्या. बोरं मात्र मिळेनात. आपली ती चिमुकली आंबटगोड बोरं कुठेच नाहीत. गाडीवाल्यानं जी हिरवीगार बोरं दिली ती लिंबाएवढी. मी म्हटलं, आई, ही डोक्यावर ओतायची? त्या म्हणाल्या, "न चालायला काय झालं? बोर ते बोर."

त्या दिवशी धुकं होतं. पोरांनी इतके स्वेटर घातले होते की ती चालत नव्हती, घरंगळत होती. माझा लेक काळा कुर्ता, हलव्याचा मुकुट, हलव्याचा हार घालून वर्गात शिरला, ऐटीत सगळ्यांकडे पाहिलं, आणि टेबलाखाली गेला.

"मम्मा, शुभ काम में ब्लैक?" मॅडम हळूच म्हणाल्या.

"संक्रांत को काला ही चलता है," सासूबाई म्हणाल्या, "ठंडी में गरम रहता है." मग पाट हातात घेऊन टेबलापाशी वाकल्या. "ये रे सोन्या, बस पाटावर."

"इथेच," आतून आवाज.

"अरे, इथे कसं ओतू?"

"इथेच."

मॅडमनी हात जोडल्यासारखे केले. "आज बच्चा लीड करेगा, दादीजी."

"हा लीड करतोय की लपतोय?" सासूबाईंनी मला मराठीत विचारलं. मला रडू येत होतं. एवढा दागिने घालून नटलेला माझा पोरगा, आणि वीस पोरं त्याच्याकडे नाही, टेबलाकडे बघतायत. मला वाटलं, उचलावं त्याला आणि सरळ घरी न्यावं.

सासूबाई सरळ झाल्या. त्यांनी पदर खोचला. "टेबल म्हणजे त्याचं डोकं समजू," असं म्हणाल्या आणि पातेलं उपडं केलं.

ती बोरं! टणाटण टेबलावर आपटली, उडाली, एक मॅडमच्या चष्म्याला लागलं, बाकीची गडगडत टेबलाखाली. चुरमुऱ्यांचा सडा पडला. पोरं जागच्या जागी उभी. एका मुलीनं शहाण्यासारखं विचारलं, "मैम, बारी-बारी से लें?"

"बारी कसली!" सासूबाई गरजल्या. "अरे देखते क्या हो? लूटो!"

काय सांगू. वीसच्या वीस पोरं त्या टेबलाखाली घुसली. टोप्या, मोजे, कोपरं, नुसता गोंधळ. टेबल त्यांच्या पाठींवर उचललं गेलं आणि हळूहळू दाराकडे निघालं. मॅडम तत्त्वाच्या पक्क्या. चष्मा सावरत शांतपणे म्हणाल्या, "मैं देख रही हूँ कि टेबल चल रहा है."

माझं बालकेंद्री शिक्षण तिथेच संपलं. माझा पोरगा चिरडला जाईल या भीतीनं मी साडीसकट फरशीवर आडवी पडले आणि आत डोकं घातलं.

तो मधोमध बसला होता. मुकुट अर्धा गायब. एक गुबगुबीत पोरगा त्याच्या गळ्यातला हार चाटत होता आणि माझा लेक मान वर करून त्याला नीट चाटू देत होता. मग त्यानं बाकीच्यांकडे पाहिलं आणि खणखणीत हिंदीत म्हणाला, "ये मेरा घर है. जूते बाहर!"

मला तोवर माहीतच नव्हतं की त्याला हिंदी येते.

आणि बूट बाहेर यायला लागले हो. एकेक, डावे-उजवे, माझ्या नाकासमोर. मी तिथेच फरशीवर पडून रडले, चुरमुरे केसात घेऊन. सासूबाई मला म्हणाल्या, ऊठ, लोक बघतायत. लोक कुठले? सगळे टेबलाखाली होते.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून त्याला आणायला गेले. टेबलाच्या कडेनं बुटांची रांग. माझा लेक टेबलाबाहेर उभा, शेजारी तो हार चाटणारा गुबगुबीत. दोघं मिळून कोण आत जाणार आणि कोण थांबणार ते ठरवत होते.

"अरे, तू बाहेर कसा?"

"आत जागाच नाहीये," तो म्हणाला.

मला बोलायचं पुष्कळ होतं, पण डोळेच वाहायला लागले. शाळेनं शिकवलं होतं तशी मी गुडघ्यावर बसले. "मला दिसतंय," मी म्हटलं, "की तू बाहेर आलायस."

त्यानं माझ्याकडे अगदी आजीसारखं पाहिलं.

"दिसतंय तर रडतेस कशाला?"