कान आईचाच

कोणी नवा माणूस फोटो घेऊन आला की ती आधी तो पडद्यावर मोठा करायची. चेहरा, मग डोळा, मग डोळ्याचे नुसते चौकोन. "पाहा, फुटला," ती म्हणायची. "फोटो मोठा केला का फुटते. रेघ नाई फुटत." आणि माऊस धरून त्या चौकोनांवरून पहिली रेघ ओढायची.

पवनीच्या बाजारातल्या त्या दुकानात लग्नपत्रिकांचा आणि श्रद्धांजलीचा मजकूर मी लिहायचो, स्मृतीच्या दगडांवर कोरायचे चेहरे ती करायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे बसू लागलो होतो. वयाने ती माझ्या मुलीएवढी, पण सारे तिला ताई म्हणत, म्हणून मीही. दगड कोरणाऱ्या यंत्राला फोटो कळत नाही, त्याला रेघाच लागतात. एक बटण दाबलं की संगणक त्या आपोआप काढून देतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. पण त्या बटणाने केलेल्या म्हाताऱ्याच्या गालांवर शेवाळ चढल्यासारखं दिसतं. ती हातानेच करायची.

तिचे वडील विणकर होते. साडीच्या करवती काठाची नक्षी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढायचे. "बाबानं जनमभर चौकोन भरले, मी मोडून राहिली," एवढंच ती त्यांच्याबद्दल सांगायची.

तिची एक रीत होती. फोटोत जे दिसत नसे, ते ती मनाने काढत नसे. घरच्या माणसाला समोरच्या स्टुलावर बसवून त्याच्याकडून घ्यायची. भावाचं नाक, मुलाची हनुवटी. कोंढ्याचे एक गृहस्थ वडिलांचा अर्धा पुसलेला फोटो घेऊन आले. ओठ दिसतच नव्हते. तिने त्यांना जरा हसायला सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले, "ताई, बाबूजी हसले तं गावात कोनी ओयखनार नाई." तिने न हसणारे ओठ घेतले. ते गेल्यावर मात्र आम्ही दोघं एकमेकांकडे पाहायचं टाळत होतो.

मग दिघोरीचं जोडपं आलं. त्यांची लहान मुलगी तळ्यात बुडाली होती. शाळेत तिच्या नावाची पाणपोई बांधायची होती आणि तिथल्या दगडावर तिचा चेहरा हवा होता. फोटोत कान केसांत हरवलेला. ताईने आईला स्टुलावर बसवलं. "कान आईचाच घ्या लागते," ती हळूच म्हणाली. रेघ पुरी झाल्यावर त्या बाईने पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या कानाला हात लावला, आणि हात तसाच ठेवून ती बाहेर गेली.

गेल्या पावसाळ्यात ताईला ताप आला. साधाच असेल, असं आम्ही धरून चाललो. तो मेंदूत गेला. नागपूरला नेलं. तिथून ती परत आली नाही.

तिच्या आईचा निरोप आला की घरच्या हातमागासमोरच्या भिंतीत एक दगड बसवायचा आहे, चेहरा तुम्ही करा. गावाचे चेहरे करणारीचा दुकानात एकच फोटो निघाला. दसऱ्याच्या पूजेचा, त्यात मागे ती, अर्धी संगणकाच्या पडद्याआड. मी मोठा केला. फुटला. बटण दाबायचं मन झालं नाही. शेजारी बसून जेवढं पाहिलं होतं, तेवढ्यावर रेघ ओढत गेलो. कपाळ झालं, नाक झालं, हनुवटी झाली. कान फोटोत नव्हता.

काम पाहायला तिची आई आली. लेकीची रीत तिला ठाऊक होती. चेहऱ्याच्या बाजूची मोकळी जागा तिने बराच वेळ पाहिली. मग स्टूल ओढून बसली आणि पांढरे केस मागे सारले.

"माहाच घ्या, सर."

मी घेतला. रेघ पुन्हा पुन्हा पुसावी लागली, आणि ती मान न हलवता बसून राहिली. झाल्यावर म्हणाली, "पोरगी करे तसा मोठा करून दाखवा."

कान पडदाभर झाला. मग नुसती पाळीच पडदाभर. मी आणखी मोठा केला. रेघ फुटली नाही.